शेडजवळची माती

माझा मामा सव्वीस वर्षं माती तपासणीच्या प्रयोगशाळेत आहे. कोणी मातीची पिशवी घेऊन आलं की तो विचारतो, "शेत केवढं?"

"तीन एकर."

"खड्डे किती केले?"

"एक."

की पिशवी परत. मग भाषण: बांधाजवळची माती नको, झाडाखालची नको, खत ठेवतात तिथली तर अजिबात नको, नागमोडी चालत आठ-दहा जागची घ्या, कालवा, त्यातली अर्धा किलो आणा. लग्नाच्या जेवणात शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही हे भाषण मिळतं. मामी तेवढ्यात पंगत बदलते.

असा हा मामा सख्ख्या बहिणीच्या शेतात चुकला.

मावशीकडे यंदा मोहरी होती. पेरणीआधीचा नमुना मामाने जातीने घेतला होता आणि अहवालात लिहिलं होतं, गंधक भरपूर. पीक महिन्याचं झालं आणि पिवळं पडू लागलं. काकांनी, म्हणजे मावशीच्या यजमानांनी, नत्र कमी पडलं समजून युरिया टाकला. पीक आणखी पिवळं. परत टाकला, परत तेच. शेवटी त्यांनी रोग ठरवून टाकला आणि गुरुवारी सकाळी पीक मोडायला ट्रॅक्टर सांगितला. बुधवारी सकाळी मावशीचा फोन आला.

"दादा, एकदा बघून तरी जा. तीन एकर आहे रे."

मामाला मोटारसायकलवर घेऊन मी गेलो. शेतात शिरल्या शिरल्या त्याने एक रोप हातात धरलं.

"दाजी, हे बघा. नत्र कमी असतं तर खालची जुनी पानं आधी पिवळी पडली असती. ती हिरवी आहेत. शेंड्याची कोवळी पिवळी पडलीत. हे गंधकाचं दुखणं."

"मेहुणे," काका शांतपणे म्हणाले, "गंधक भरपूर हे तुम्हीच लिहिलंय. हिने कागद फ्रिजवर चिकटवलाय, दूध काढताना रोज वाचतो मी."

मामाने रोप सोडलं. "मी नमुना कुठून घेतला होता गं?"

"त्या शेडजवळून," मावशी म्हणाली. "मी चहा निवतोय म्हणून हाका मारत होते ना."

"आठ खड्डे केले होते मी."

"केलेस की. आठही तिथेच."

शेडजवळ वर्षानुवर्षं सुपर फॉस्फेटची पोती उतरायची, फुटायची, सांडायची. सुपर फॉस्फेटमध्ये गंधक असतं. मामाने अगदी हळू विचारलं, "आता सुपर टाकत नाही का?"

"चार वर्षं झाली. डीएपी घ्या, पोती कमी उचलावी लागतात, असं कोणीतरी सांगितलं होतं."

डीएपीत गंधक नसतं. आणि हे सांगताना काका मामाकडेच बघत होते. ते 'कोणीतरी' कोण, हे मामीला घरी गेल्यावर मी सांगितलं.

"पण अंदाजावर मी ट्रॅक्टर थांबवणार नाही," काका म्हणाले. "दुसरं पीक घ्यायची वेळ निघून जाईल."

मामाने पँट दुमडली आणि तीन एकर नागमोडी चालत दहा खड्डे केले. शेडजवळचीही माती वेगळ्या पिशवीत घेतली. दुपारभर प्रयोगशाळेत दोन्ही पिशव्यांतली माती पंख्याखाली वाळवली, चाळली, द्रावण गाळलं. त्यात बेरियम क्लोराइड पडलं की गंधकाच्या प्रमाणात ते दुधाळ होतं. शेडजवळच्या मातीचं ताकासारखं झालं. शेतातल्या मातीचं नुसतं पाणी राहिलं. मामा ते भांडं उजेडाकडे धरून किती तरी वेळ बघत होता. स्वतःची चूक इतक्या आनंदाने न्याहाळणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

संध्याकाळी त्याने फोन लावला. "दाजी, ट्रॅक्टर नको म्हणून सांगा. रोग नाही. चूक माझी झाली."

पलीकडून काका म्हणाले, "थांबा, स्पीकरवर ठेवतो. आता परत बोला."

मामा परत बोलला. मग मावशीला ऐकू गेलं नाही म्हणून तिसऱ्यांदा बोलला.

युरिया बंद झाला. एकरी दोन पोती जिप्सम, म्हणजे गंधक असलेलं खत, टाकलं, पाणी दिलं. पुढचे दिवस मामाने फोन खिशात न ठेवता हातातच बाळगला. दहाव्या दिवशी काकांचा फोन आला, "येऊन जा," एवढंच. आम्ही गेलो. आधी पिवळी पडलेली पानं फिकटच होती, पण शेंड्याला फुटलेलं प्रत्येक नवं पान हिरवंगार होतं.

"उतारा किती पडेल?" काकांनी विचारलं.

"थोडा कमी."

"पण पडेल ना?"

"पडेल."

काकांनी मान हलवली. मामा शेताच्या कडेला मातीतच बसला. काकाही मग पायातल्या चपला काढून त्याच्या शेजारी टेकले.