डाव्या हाताचा घास

समुद्रकाठच्या अन्लोगा गावाच्या वाळूत कांदा काढायचा तर बाईकडे दोन गोष्टी लागतात, मजबूत पाठ आणि धीर. झिग्बोदीकडे पाठ होती. धीर नावापुरता. खरंच नावापुरता, कारण तिकडे झिग्बोदी या शब्दाचा अर्थच धीर. बापाने हौसेने नाव ठेवलं आणि लेकीने ते जन्मभर खोटं पाडलं. विहिरीवर तिच्या आधी कुणी बादली सोडली की वाफ्यावाफ्यांतून बाया ओरडायच्या, "सरका गं, धीर आला अंगावर!"

केकेली तिचा मुलगा. बाळंतपण अडलं, मूल निळं होऊन आलं, उशिरा रडलं. पुढे दिसायला लागलं की पोराची उजवी बाजू आखडलेली आहे. हात कोपरात मुडपलेला, मूठ छातीशी घट्ट, पाय ओढता. जीभ जड. डोकं मात्र शाबूत होतं. आईने शेजारणीला कुठल्या शब्दावर टोमणा मारला हेसुद्धा त्याला कळायचं, आणि तो खुदकन हसायचा.

नवरा कोजोवी मासेमारीच्या नावेवर, महिनोन्‌महिने लांबच्या किनाऱ्यांना. घरी नणंद आद्जो, तिची पोरं, आणि सासरे. सासऱ्यांना सगळा गाव तोग्बुई म्हणे, म्हणजे आजोबा. घराण्याचे वडील तेच. त्यांचा एक नेम होता. संध्याकाळी अंगणात चटई पडायची, मोठं मातीचं वाडगं मध्ये, आणि सगळे नातू त्यांच्याभोवती बसून त्याच वाडग्यातून जेवायचे. भेंडीच्या कालवणात अक्प्लेचा, म्हणजे शिजवलेल्या मक्याच्या पिठाचा गोळा बुडवायचा आणि आजोबांच्या गोष्टी ऐकायच्या. त्या चटईवर बसला तो घरातला. बाकी सगळं नुसतं बोलण्यापुरतं.

केकेली त्या चटईवर नव्हता; त्याला आई स्वयंपाकघरामागे भरवायची. त्याचा चालणारा हात नेमका डावा. आणि डाव्या हाताने तिथे कुणी कुणाला पाण्याचा पेलासुद्धा देत नाही. दिला तर ती तोंडावर शिवी. मग सगळ्यांच्या वाडग्यात डावा हात घालणं तर लांबच.

एकदा पोराने तो घातलाच. स्वयंपाकघराच्या मागून सरपटत चटईपर्यंत आलं आणि डावा हात सरळ कालवणात. तोग्बुई ओरडले नाहीत. वाडगं उचलून बाजूला ठेवलं आणि म्हणाले, "ज्या हाताला रीत कळत नाही, तो हात माझ्या वाडग्यात नको."

झिग्बोदीने त्या दिवसापासून पोराचा डावा हात कापडाच्या पट्टीने कमरेशी बांधला. दुष्टपणाने नाही. तिचा हिशेब साधा होता : डावा अडकला की उजव्याला काम करावंच लागेल. भूक लागली की मूठ उघडेल. आद्जो म्हणाली, "वहिनी, पहिल्यांदा अक्कल चालवलीस बघ." तोग्बुईही मान डोलावून गेले. सगळ्या गावाने शाबासकी दिली आणि मूठ काही उघडली नाही. उलट पोराचं हसणं गेलं. भरवलं तर गिळायचं, नाही तर भिंतीकडे बघत बसायचं.

बाजाराच्या दिवशी पाठीवर पोर आणि डोक्यावर कांद्याची टोपली घेऊन ती निघाली असताना होर्लालीने तिला अडवलं. होर्लाली केंके विकायची, मक्याचे आंबवलेले गोळे पानात बांधून. तिची मुलगी जन्मापासून बहिरी. बाई आवाजाने भोंगा, अंगाने पिंप.

"काय गं, काय चोरलंय या पोराने?"

"तोंड सांभाळ!"

"मग बेड्या कशाला?"

"माझं पोर, माझी पट्टी. तू तुझ्या मुलीशी हातवारे करत बस."

होर्लालीला हा घाव बसायला हवा होता. ती हसली. "करते ना. रात्रंदिवस करते. काल तिने हातवाऱ्यांनीच माझी नक्कल केली, ढेरीसकट. तू तुझ्या पोराशी शेवटचं कधी हसलीस?"

झिग्बोदीने कांद्याची जुडी उचलून तिच्या अंगावर फेकली. होर्लालीने ती झेलली आणि आपल्या टोपलीत टाकली. "ही फी समजते. उद्या देवळामागच्या छपरात ये. शिव्या द्यायच्या असतील तर तिथे दे, सावली तरी आहे."

देवळामागे म्हणजे चर्चमागे, झावळ्यांच्या छपराखाली अशा पोरांचे आईबाप जमत. सरकारी इस्पितळातल्या व्यायामाच्या नर्सबाईंनी होर्लालीला आणि आणखी दोघींना शिकवलं होतं; त्या आता बाकीच्यांना शिकवत. पोराला कसं बसवायचं, घास घशात अडकू नये म्हणून मान कशी धरायची, न बोलणाऱ्या मुलाला निवड कशी करू द्यायची. फळा नाही, बाकं नाही. चटया, वाळूच्या पिशव्या, आणि न थांबणारी तोंडं.

झिग्बोदी भांडायलाच गेली. पण तिथे पोचली तर होर्लाली एकेकाचे उजवे हात बांधत होती. आयांचे, आज्यांचे, एका बापाचेही. तो फो बेसा, जाळी विणणारा. गावातले सगळे त्याला फो, म्हणजे दादा म्हणत. झिग्बोदी काही म्हणायच्या आत तिचाही हात कमरेशी गेला. समोर गरम अक्प्ले आणि कालवण आलं. वास असा की बसून राहवेना.

"जेवा," होर्लाली म्हणाली.

कुणी हात लावला नाही. लावणार कसा? मोकळा तो डावा.

"बेसादादा, तुम्ही सकाळपासून उपाशी ना?"

"उपाशी मरेन, पण डाव्याने नाही खाणार. बाप थडग्यातून उठेल."

"अहो, उठू दे की. त्यालाही वाढते."

हशा पिकला. पण कालवणावर साय धरायला लागली तसा हशा विरला. पोटं बोलायला लागली. एक म्हातारी आपल्या बांधलेल्या मुठीकडे नुसती बघत बसली. झिग्बोदीने उजवा हात हिसडला. गाठ पक्की होती. रागाने कानशिलं तापली. सोडवा म्हणून ओरडावंसं वाटलं, आणि तेवढ्यात तिची नजर शेजारी बसलेल्या केकेलीकडे गेली. तो तिच्याकडे बघत होता. तिच्या गाठीकडे. हसत नव्हता.

तिने आपली गाठ कुणाला सोडू दिली नाही. आधी डाव्या हाताने आणि दातांनी पोराची पट्टी सोडली. सोडता सोडता रडली, आणि रडताना होर्लालीला शिव्याही दिल्या. होर्लालीने त्या मनापासून ऐकून घेतल्या, कारण त्या कशाच्या आहेत ते तिला ठाऊक होतं. तिने स्वतः तसल्या कितीतरी शिव्या कुणाकुणाला देऊन ठेवल्या होत्या.

मग खरं शिक्षण सुरू झालं. खोक्याची खुर्ची, पाठीला वाळूची पिशवी. वाडगं घसरू नये म्हणून खाली ओला फडका. उजवा हात वाडग्याशेजारी ठेवायचा, "काम नसेल करत तर राहू दे," होर्लाली म्हणाली, "पहारेकरी म्हणून बसव." केकेलीला हे इतकं पटलं की तो उजव्या मुठीकडे डोळे वटारून तिचा पहारा तपासायला लागला. अंगावर सांडलं, नाकात गेलं, कुत्र्याचं पोट भरलं. पण घास तोंडात गेला. स्वतःच्या हाताने. झिग्बोदीला वाटलं, आपल्याच पोटात गेला.

"चटईवर नाही बसू देणार," ती एक दिवस म्हणाली. "तोग्बुई म्हणाले, हाताला रीत नाही."

बेसादादा जाळ्याची गाठ मारता मारता थांबला. "मग हाताला रीत शिकव की. आपल्यात काय रीत नाही का? उजवा हात मासळीत बरबटलेला असला तर आपण काय करतो?"

उत्तर तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. नाइलाजाने डावा पुढे करायचा असेल तर आधी म्हणायचं, "डावा आहे हो!" आणि ऐकणाऱ्याने म्हणायचं, "हातच आहे तो." की दोष संपला. पोर दुबळं म्हणून कुणालाच हे सुचलं नव्हतं. नाइलाज त्याच्याइतका कुणाचा होता? पण त्याला कुणी रीत शिकवण्याच्या लायकीचाच धरला नव्हता, त्याच्या आईनेसुद्धा.

केकेलीच्या जड जिभेला ते शब्द बसवायला सगळा वर्ग लागला. होर्लालीची बहिरी मुलगी त्याच्या समोर बसून ओठांचे आकार करून दाखवायची, आणि तो ते बघून बोलायचा. म्हाताऱ्या टाळ्या पिटायच्या. "डा... आये ओ." एवढंच यायचं. पुरे होतं.

नोव्हेंबरात उत्सव आला. घर पाहुण्यांनी भरलं, कोजोवीही नावेवरून आला. अंगणात चटई पडली. झिग्बोदीने खोक्याची खुर्ची उचलली आणि सरळ चटईच्या कडेला ठेवली. होर्लाली आणि बेसादादा उत्सवाच्या निमित्ताने आले होते, दाराशी बसले होते.

"वहिनी, आज पाहुणे आहेत," आद्जो दातांवर दात ठेवून म्हणाली. "आज तरी नको."

झिग्बोदीच्या जिभेवर तीन शिव्या तयार होत्या, तिन्ही चांगल्या. होर्लालीने दारातून उठून मागून असा चिमटा काढला की तिन्ही परत गेल्या. तिने केकेलीला बसवलं, त्याचा डावा हात साबणाने धुतला, सगळ्यांदेखत, आणि मागे सरली.

पोराने तोग्बुईंकडे बघितलं. हात पुढे केला आणि वाडग्याच्या काठापाशी थांबवला.

"डा... आये ओ."

नातवंडांचे घास हवेत. म्हाताऱ्याने उत्तर दिलं नाही तर तो हात तिथेच अपमान होऊन राहणार होता, आणि केकेली परत स्वयंपाकघरामागे. कोजोवी बापाकडे बघत होता.

तोग्बुईंनी पोराला पुन्हा एकदा नीट निरखलं. हात थांबला होता. चिमुकली बोटं काठाच्या आत गेली नव्हती. परवानगीची वाट बघत होती.

"हातच आहे तो," म्हातारा म्हणाला.

मग शेजारच्या नातवाला कोपराने ढोसलं. "सरक रे. त्याचा हात तिकडून येतोय, जागा दे."

केकेलीने पहिला घास घेतला. अर्धा हनुवटीवर गेला. बेसादादा दारातून ओरडला, "पहारेकरी कुठाय?" आणि पोराने झटकन उजवी मूठ वाडग्याला टेकवली. तोग्बुईंना काही कळलं नाही, पण तेही हसले.

तिकडे उपकाराचे आभार दुसऱ्या दिवशी पुन्हा मानायचे असतात, नाहीतर पहिले धरत नाहीत. उजाडताच झिग्बोदी आधी होर्लालीकडे गेली. कांद्याची मोठी जुडी दारात ठेवली. बोलायचं खूप ठरवलं होतं, तोंडून निघालं एवढंच, "तो चिमटा अजून दुखतोय."

"दुखू दे," होर्लाली म्हणाली, आणि दोघी उंबऱ्यावर बसून केंकेची पानं पुसत राहिल्या.

मग ती सासऱ्यांकडे गेली. लग्न झाल्यापासून त्यांच्यासमोर ती अशी कधी वाकली नव्हती. गुडघे टेकून म्हणाली, "तोग्बुई, कालचे आभार."

"आभार कसले?" म्हातारा खेकसला. "पोराने रीतीने विचारलं, मी रीतीने उत्तर दिलं. पण तुझ्या लेकाला सांगून ठेव. काल माझ्या बाजूचा मासा त्याने खाल्ला. आज खाल्ला तर मी खपवून घेणार नाही."

"सांगते," झिग्बोदी म्हणाली.

तिने सांगितलं नाही.