सुजाताची फर्दापूरची वाट

श्रावणातल्या एका मंगळवारी सुजाता धावून घरी आली. तिने बूट काढले, ती पाणी प्यायली आणि खुर्चीत बसली. मी चहा घेऊन आलो तेव्हा ती गेली होती.

दिवाळीनंतर मी फर्दापूरला निघालो. जवळजवळ दर रविवारी ती पहाटे आमच्या पुंडलिकनगरातून गाडी काढून अजिंठ्याच्या डोंगरात धावायला जायची आणि मी घरी वाचत बसायचो. तिथल्या वाटा मला ठाऊक होत्या त्या फक्त तिच्या बोलण्यातून. त्यातल्या एका वाटेच्या पायथ्याशी कांताबाई आणि त्यांची मुलगी वैष्णवी राहतात. वैष्णवी पोलीस भरतीची तयारी करते आणि सुजाता तिला धावणं शिकवत होती. या दोघींना कोणीच कळवलं नव्हतं. त्यांचा नंबर सुजाताच्या फोनमध्ये होता आणि तो फोन मी बंद करून कपाटात ठेवला होता. त्यांना सांगायचं आणि ती वाट एकदा डोळ्यांनी पाहायची, एवढ्यासाठी मी एसटीत बसलो.

सिल्लोड मागे पडल्यावर दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला दिसत होता. बाया वेचणीला वाकल्या होत्या, रस्त्याच्या कडेला मका वाळत होता. अजिंठा गाव ओलांडून बस घाटात उतरली आणि डोंगर एकदम समोर आले. गवत पिवळं पडलेलं, घळींमध्ये मात्र अजून हिरवं. हे इतकं जवळ होतं आणि मी इतकी वर्षं आलो नव्हतो.

कांताबाईंचं घर गावाच्या मागच्या अंगाला आहे. त्या अंगणात मक्याची कणसं सोलत होत्या. मला पाहून त्यांनी डोक्यावरचा पदर नीट केला.

“दाजी व्हय? ताईनं फोटू दाखवला होता. ताई मागं राहिल्या का?”

वैष्णवी आतून आली. तिच्या पायात बूट होते आणि नाड्या बांधून झाल्या होत्या. मॅडमचा फोन बंद लागतो, मेसेजही जात नाही, असं ती सांगू लागली. मी बोलायला सावकाश आहे, वर्गातही मुलं माझ्या वाक्याची वाट बघतात. पण तेव्हा उत्तर लगेच आलं.

“पाय मोडलाय तिचा.”

“तरीच. म्या म्हणलं, ताई रागावल्या का काय. पलस्तर निघालं का?”

मी म्हणालो, निघालं, पण सूज आहे.

मग चहा झाला आणि वैष्णवी मला वर घेऊन निघाली. ज्यांना इथे धावायचं असेल त्यांच्यासाठी लिहितो. घरामागून पाऊलवाट सागाच्या जंगलात शिरते. सुरुवातीला ती सपाट आहे, मग सुटे दगड लागतात आणि तिथे नवख्याने चालावं हे बरं. या दिवसांत कुसळं (गवताची टोकदार तुसं) मोज्यात घुसतात, म्हणून मोजे जाड घालावेत. पाणी बरोबर न्यावं, वर मिळत नाही.

मी थोडा धावलो. वैष्णवी पुढे जायची, वळायची, माझ्याभोवती फेरी मारून परत पुढे जायची. शेळ्या चारणारे एक आजोबा आम्हाला पाहून थांबले आणि माझ्याकडे बोट करून तिला म्हणाले, “ह्यांच्या मागं कोन लागलंय?” तिने सांगितलं, मॅडमचे मिस्टर आहेत. आजोबा म्हणाले, तरीच ताई एवढ्या जोरात पळत्यात, घरात एकानं तरी पळायला पाहिजे. ती हसली. मलाही हसू आलं. हसल्याचं माझं मला कळलं आणि पुढचा चढ मी खाली मान घालून चढलो.

माथ्यावर जंगल संपतं आणि पठार लागतं. तिथून वाट कड्याच्या काठाने जाते. खाली वाघूर नदीचं वळण आणि पलीकडच्या कातळात लेण्यांची काळी दारं एका ओळीत. माणसं मुंग्यांएवढी दिसत होती, त्यांचा आवाज वर पोचत नव्हता. वारा होता. इथे पाय आपोआप उचलले जातात, असं सुजाता म्हणायची. ते खरं आहे.

वैष्णवी म्हणाली, “सर, व्हिडिओ काढा. मॅडमला दाखवायचाय.”

मी फोन काढला. काठावरच्या मोकळ्या पट्ट्यात ती लांबवर गेली आणि जोरात धावत माझ्यापर्यंत आली. धापा टाकत फोनकडे बघून बोलली. “मॅडम, चढाला मी आता थांबत नाय. पुढच्या महिन्यात भरतीचं ग्राउंड आहे. काठी टेकत या, पण या. तुम्ही कडेला नसल्या तर शेवटच्या फेरीला माझे पाय पडत नाहीत.”

व्हिडिओ पाहिला तर अर्धा वेळ माझं बोट आडवं आलेलं होतं. त्या क्षणी सांगता आलं असतं. मी म्हणालो, नीट आला नाही, परत घेऊ का. ती परत लांब गेली, परत धावत आली, आणि सगळं परत बोलली. या वेळी जरा लाजत, जास्त चांगलं.

खाली आल्यावर कांताबाईंनी जेवायला वाढलं. ज्वारीची भाकरी, मेथी, ठेचा आणि हंगामाची शेवटची सीताफळं. ताईला ठेचा झेपत नव्हता तरी मागून घ्यायच्या, असं त्या सांगत होत्या. मी दोन भाकरी खाल्ल्या. मग त्यांनी दगडावर आंबेहळद उगाळली आणि डबीत भरून माझ्या हातात दिली. गरम करून लावा, ताईला म्हणा कांताबाईनं उगाळलीय.

परतीच्या बसमध्ये डबी मांडीवर होती. शेजारच्या गृहस्थांना वास आला. कोणाला लागलं, त्यांनी विचारलं. बायकोला, मी म्हणालो. इथे मला कोणी ओळखत नव्हतं, काही लपवायची गरज नव्हती, तरी मी तेच म्हणालो. घाट चढून बस अजिंठा गावात थांबली तेव्हा मी उतरलो आणि मिळेल त्या जीपने पुन्हा खाली गेलो.

कांताबाई चूल पेटवत होत्या. वैष्णवी भांडी घासत होती. मी उभ्यानेच सांगितलं.

“कवा?” कांताबाईंनी विचारलं.

“श्रावणात.”

त्यांनी हातातलं लाकूड खाली ठेवलं. आमच्याकडे माणूस गेलं की लोक बसायला येतात. बोलायचं काही नसतं, घरच्यांजवळ नुसतं बसायचं. मला ते लोक नकोसे झाले होते, आणि बातमी जितक्यांना कळेल तितके येतील, म्हणून मी फोन बंद केला होता.

“आम्हाला बसायला यायचं होतं, दाजी,” त्या म्हणाल्या. “तुमी आमचं रडणंबी ठिवून घेतलं.”

वैष्णवी रडली नाही. राखेचे हात तसेच धरून माझ्यासमोर आली.

“सर, मला दोनदा बोलायला लावलं तुम्ही.”

मी मान खाली घातली.

पुढच्या आठवड्यात कांताबाई वस्तीवरच्या दोघी बायकांना घेऊन पुंडलिकनगरला आल्या. सतरंजीवर बसल्या, रडल्या, पाणीही न घेता गेल्या. वैष्णवी आली नव्हती. ग्राउंडच्या दिवशी मैदानाच्या कडेला मी उभा राहिलो तर चालेल का, असं मी त्यांना जाताना विचारलं. तिला इचारते, असं त्या म्हणाल्या. त्याचं उत्तर आलेलं नाही.

मी प्रवासाची पुस्तकं आवडीने वाचत आलो. त्यातले प्रवासी परक्या माणसांकडे जातात, त्यांच्या घरी जेवतात आणि त्यांच्याबद्दल चांगलं लिहितात. मीही जेवलो, आणि त्यांच्याबद्दल माझ्याकडे चांगलंच लिहिण्यासारखं आहे. माझ्याबद्दल त्यांच्याकडे काय आहे ते वर लिहिलं आहे.

वाट चांगली आहे. वैष्णवी रोज सकाळी तिच्यावर धावते. मी फोन केला की कांताबाई उचलतात. वैष्णवी माझ्याशी बोलत नाही.