खैरवाडीचे जावई

औशाजवळची खैरवाडी म्हणजे आमच्या कोरड्या माळावरचं लहानसं गाव. मानमोडीच्या साथीत निम्मी घरं बसली. मग लागोपाठ दोन सालं पाऊस नाही, तेव्हा उरलेली माणसं लातूरला जिनिंगवर कामाला गेली. मागं राहिल्या एकट्या चतुराबाई, माझ्या माहेरच्या चुलत काकू. शेळ्या राखायच्या आणि तिन्हीसांजेला मारुतीरायापुढं दिवा लावायच्या.

एका साली महसुलाची तपासणी करणारा गिरदावर आला. निजामाच्या सरकारात माणूस नाही, दिवा नाही, ते गाव बेचिराख. तो म्हणाला, "बाई, एकट्या म्हातारीला वस्ती म्हनत न्हाईत. पुढल्या साली मर्दुमशुमारी हाय, मानसं मोजतील. तवर घरं भरली न्हाईत तर गावठाण आन् आड शेजारच्या गावाला जोडतील."

काकूंनी वाद घातला नाही. गावोगाव फिरणाऱ्या कासारणीबरोबर खैरवाडीच्या झाडून साऱ्या लेकींना सांगावा धाडला, पंचमीला माहेरी या. बहुतेकींचे आईबाप, भाऊ साथीत गेलेले. माहेर म्हणून कुणी बोलावलंच नव्हतं, त्यामुळं साऱ्या आल्या. मीही गेले. बंद घरं उघडली, सारवली, फेर धरला.

दोन दिवसांनी जावई न्यायला आले. काकूंनी दिंडं वाढली आणि वाढता वाढता म्हणाल्या, "ऱ्हावा की हितंच. घरं हायत, वावरं हायत."

सगळे ताटात बघू लागले. साखराबाईचे यजमान नागप्पा देगलूरकडचे. चौघा भावांत त्यांचं एकच वावर. तेच शेवटी बोलले, "घरजावई म्हनत्याल, मामी. जलमभर ऐकावं लागंल."

"कोन म्हनंल?"

"गाव म्हनंल की."

"गाव कुटं हाय, बाबा? म्हनायला मानूस तर पायजे. आदी गाव भर, मग टोमने खा."

साखराबाई पदराआड हसली. नागप्पा हसले नाहीत. हात धुऊन आडाकडं गेले, वाकून पाहिलं. परत येऊन म्हणाले, "गाळ लई हाय." दुसऱ्या सकाळी कासोटा मारून आडात उतरले.

त्या साली तीन घरं राहिली. ज्वारी बरी आली, तसं बाकीच्या जावयांचंही मन वळलं.

मर्दुमशुमारीला गिरदावर आला. पुरुषांना मूळ गाव विचारत गेला. कुणी देगलूर सांगे, कुणी चाकूर, कुणी उदगीर. वैतागून म्हणाला, "मग खैरवाडीचं हाय तरी कोन?"

काकू म्हणाल्या, "चुलीपाशी बसल्यात त्या समद्या."

तो हसला आणि वस्ती लिहून गेला.

आता तिथं घराला घर लागलंय. काकूंना शेळ्या बांधायला जागा उरली नाही आणि एका आडाचं पाणी पुरेना. जावयांनीच दुसरा आड खणला. परवा त्याला पाणी लागलं म्हणून मी गेले होते. पहिली घागर मारुतीरायाला घातली. दुसरी कुणाची, यावरून बायका तावातावानं भांडू लागल्या. मी सोडवायला निघाले, तर काकूंनी पारावरूनच माझा पदर धरला.

"भांडू दे गं," म्हणाल्या. "बस हितं."