पाइपलाइनीत सोडलेलं लिंबू

नोकरीतल्या पहिल्याच स्वतंत्र तपासात मी एक निरपराध माणूस उचलून ठाण्यात आणला. पुरावा काय, तर त्याच्या मिरचीच्या वाफ्यात पाण्याची चिळकांडी फार लांब उडत होती. माझ्या नातवंडांना वाटतं आजी जन्मतःच हुशार होती, म्हणून ही गोष्ट मी त्यांना मुद्दाम सांगते. पुढे खुनाचे, दरोड्याचे तपास केले, ते पुसट झाले. ही केस मात्र डोळ्यांपुढून हलत नाही.

आंबेगावच्या पूर्व भागातल्या एका ठाण्यात मी नवी फौजदार होते. टोपी डोक्यापेक्षा मोठी आणि आवाज टोपीपेक्षा मोठा. हद्दीतल्या एका गावाची सामायिक पाणी योजना होती. घोड नदीचं पाणी पंपाने टेकडीवरच्या हौदात चढवायचं आणि तिथून जमिनीत पुरलेल्या पाइपलाइनीतून शेतोशेत उतरवायचं. वाटेत सारख्या अंतरावर झाकणाचे चेंबर होते. त्या उन्हाळ्यात शेवटच्या शेतांना पाणी पोचेना. टोमॅटो माना टाकू लागले आणि पाणी कुणीतरी चोरतंय अशी तक्रार आली.

खबर दिली गावातल्या एका वजनदार बागायतदाराने. घरी बोलावून चहा पाजला आणि हळूच म्हणाला, "ताई, आमी काय नाव घेत न्हाई कुणाचं. पर पंपावरच्या ऑपरेटरच्या वाफ्यात पाणी कसं उडतंय, ते एकदा बघाच."

ऑपरेटर तळेघरकडच्या डोंगरातला. घरच्या भातावर पोट भरेना म्हणून बायकोसह पंपाच्या खोलीत राहायला आलेला. मी जाऊन पाहिलं, तर खरंच पाण्याची धार निवडुंगाच्या कुंपणापलीकडे जात होती. एवढा वेग म्हणजे केवढं पाणी! मी त्याला जीपमध्ये घातलं. अख्खा गाव पाराशी उभा राहून बघत होता, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडलं होतं.

ठाण्यात मी टेबलावर हात आपटला. "एवढ्या जोराचं पाणी आलं कुठून?"

"बाई, नळीचं तोंड बारीक केलंय. लांबच्या सरीला पोचावं म्हून."

"मला शिकवतोस?"

"न्हाई बाई," तो म्हणाला आणि गप्प बसला. त्या गप्प बसण्याला मी कबुली समजले.

गुन्हा अजून दाखल केला नव्हता, त्याला नुसतं चौकशीसाठी बसवून ठेवलं होतं. त्याची बायको आवारातल्या लिंबाच्या झाडाखाली येऊन बसली. रडली नाही, भांडली नाही. आमच्या हवालदारांनी चहा दिला तो घेतला, तेवढंच.

सकाळी पोलीस लाइनीतल्या सार्वजनिक नळावर मी हंडा लावला. मागे नंबरात शेजारीण उभी होती, एका शिपायाची बायको. तिची जीभ म्हणजे विळी. पाणी हळू येत होतं म्हणून मी नळाच्या तोंडावर अंगठा दाबला. धार सपकन उडाली आणि अर्धी लाइन भिजली.

"मॅडम, हंडा भरायचाय का आमाला आंघोळ घालायचीय?" ती म्हणाली. "अंगठा काढा. त्यानं पाणी पळतंय लई, पर भरत कायच न्हाई."

मी अंगठा काढला. पाणी सावकाश पडू लागलं आणि हंडा पटकन भरला. मी तिथंच उभी राहिले. मागच्या बायका ओरडायला लागल्या तेव्हा कुठे बाजूला झाले.

ऑपरेटरला लगेच सोडता आलं असतं, पण तेवढ्याने भागणार नव्हतं. खरा चोर सापडला नाही तर याला पंपावरून काढायचं, असं योजनेच्या कमिटीने ठरवलं होतं. नोकरी गेली की खोली गेली, आणि पाणीचोर म्हणून उचललेल्या माणसाला त्या पट्ट्यात पुन्हा कुणी कामाला ठेवलं नसतं. त्याचं तोंड मी काळं केलं होतं, धुवायचंही मलाच होतं.

विचार करता एक गोष्ट सुचली. उडणाऱ्या धारेवरून काही कळत नाही, कारण प्रत्येकाच्या नळीचं तोंड वेगळं. पण जमिनीतली पाइपलाइन हौदापासून शेवटपर्यंत एकाच मापाची होती. मधले सगळे व्हॉल्व्ह बंद केले, तर पाणी सगळीकडे एकाच वेगाने चाललं पाहिजे. जिथून पुढे ते मंद होईल, तिथे कुणीतरी वाटेत पीत असलं पाहिजे.

आता आतल्या पाण्याचा वेग बघायचा कसा? मी एक लिंबू घेतलं, लांबून दिसावं म्हणून त्याला शेंदूर फासला आणि पहिल्या चेंबरमध्ये सोडलं. हवालदार पुढच्या चेंबरवर वाकून बसले. दुसऱ्या चेंबरला लिंबू आलं, तिसऱ्याला आलं. चौथ्याला आलंच नाही. अंधार पडेपर्यंत आम्ही डोकावत बसलो.

"मॅडम," हवालदार म्हणाले, "डायरीत काय लिहू? लिंबू फरार?"

लिंबू कुठेतरी अडकलं असेल अशी मी स्वतःची समजूत घातली. दुसऱ्या दिवशी विहिरीत टाकायचं लाल औषध दवाखान्यातून आणलं. ऑपरेटरला बरोबर घेतलं. त्याने शेवटचं तोंड उघडं ठेवून मधले सगळे व्हॉल्व्ह बंद केले, कमिटीच्या लोकांदेखत मी औषध सोडलं आणि घड्याळ धरलं. गुलाबी पाणी पहिल्याहून दुसऱ्या चेंबरला जेवढ्या वेळात गेलं, तेवढ्याच वेळात तिसऱ्याला पोचलं. तिसऱ्याहून चौथ्याला यायला मात्र जवळपास दुप्पट वेळ लागला. म्हणजे मधल्या पट्ट्यात निम्मं पाणी कुठेतरी जात होतं. आणि तो पट्टा होता आमच्या चहावाल्या बागायतदाराच्या रानातला.

मी त्याच्याकडे निघणार, तोच तो स्वतः बांधावरून घामाघूम होत आला.

"ताई, बरं झालं भेटलात. आमच्यावर कुणीतरी करणी केलीया. विहिरीत शेंदराचं लिंबू तरंगतंय. म्हातारीनं कालपासनं अन्न सोडलंय. त्या इरसाल माणसाला शोधा आन् आत टाका."

हवालदारांनी टोपी काढून तोंडावर धरली. मी शक्य तेवढ्या गंभीरपणे म्हणाले, "पाटील, इरसाल बाई आहे. लिंबू माझं आहे."

विहिरीवर जाऊन पंचनामा केला. औषधाचा गुलाबी ढग पाण्याखालून अजून वर येत होता. पाणबुडी मोटर बघायला उतरणारा गडी खाली गेला आणि त्याला पाण्याखाली पाइपचं तोंड सापडलं.

बागायतदाराला मी टेबल न आपटता विचारलं.  नखांकडे बघत तो म्हणाला, "नारळ हातावर धरून पाणाड्यानं जागा दावली. गावजेवण घातलं. हीर खणली, तर कोरडी. मुलाची सोयरीक जुळत व्हती. कोरडी लागली म्हून सांगायला जीभ उचलंना. एकदा पाणी दावलं, मंग ते बंद कसं करनार?"

त्याच्यावर गुन्हा दाखल झाला. तहानेपायी चोरी करणारे मी पुढे फार थोडे पाहिले. चारचौघांत खाली बघावं लागू नये म्हणून चोरी करणारेच जास्त. मीही त्यातलीच होते, फक्त माझ्या अंगावर खाकी होती. लांब उडणारं पाणी आणि मोठ्याने बोलणारा माणूस, दोघांचाही हंडा आधी भरून बघायचा, ही सवय मला त्या दिवसापासून लागली.

संध्याकाळी मी ऑपरेटरला आणि त्याच्या बायकोला पंपावर सोडायला निघाले. चूक झाली म्हणायचं होतं, ते जिभेवर येईना. गावाची वेस जवळ आली तसं मी ड्रायव्हरला म्हटलं, जरा वेगात घे, लोक उगाच गर्दी करतील. तेव्हा मागून त्याची बायको त्या दोन दिवसांत पहिल्यांदा बोलली.

"न्हाई बाई, गाडी हळू घ्या. नेलेला मानूस समद्यांला दिसला. सोडलेला लवकर दिसत न्हाई."