निळा अंतराळवीर कुणाचा?

काल सकाळी भाकरी टाकून झाल्या, अंगण झाडलं आणि आमच्या यांनी हौसेने जमवलेले कॉमिकमधले छोटे, खेळण्यातले अंतराळवीर पुसायला घेतले. तेवढ्यात यांचा मित्र म्हणवणारा एकजण ताडकळसहून आला.

“वैनी, त्यातला निळा माझा हाय. दादांना ठेवायला दिलता.”

हे जाऊन दोन वर्षं झाली. याला आत्ता आठवलं? “खूण सांगा,” म्हटलं.

“डावा पाय लय सैल हाय.”

ते तर दारातूनही दिसत होतं. मी नाही म्हटलं.

तो भांडला नाही. जाताना एवढंच बोलला, “मंग भिताडाला टेकवून ठेवा, वैनी. पाय निखळंल त्याचा.”

हेही निळ्याला तसंच टेकवून ठेवायचे. तरी माझा संशय पुरता गेला नाही. तुम्ही काय केलं असतं?

मी आज बसने ताडकळसला जाऊन निळा त्याच्या हातात दिला.