अंजनाकाकूंच्या रंगाचं पाणी

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय, तेही धड कळत नाही — बहुतेक स्वतःचाच वैताग आलाय म्हणून.

परवा एका शाळेनं मला पुन्हा बोलावलं. विषय — पाणी स्वच्छ कसं ठेवावं. शाल, नारळ, सगळं. मुख्याध्यापक माईकवर म्हणाले, भिगवणच्या घाटावरचे मासे ज्यांनी वाचवले ते हे! पोरांनी टाळ्या वाजवल्या आणि मी हात जोडून हसलो. किती वर्षं हसायचं हो माणसानं?

पण असं मधूनच सांगितलं तर तुम्हाला काय कळणार? नीट सांगतो.

मी मूळचा कोऱ्हाळे बुद्रुकचा. घरचा ऊस थोरल्या भावानं सांभाळला. मी बारामतीत बी.एस्सी. केलं आणि भिगवणला हायवेवर बॅटरीचं दुकान टाकलं. ट्रॅक्टरच्या, ट्रकच्या बॅटऱ्या — नव्या विकायच्या, जुन्या उघडून प्लेटा बदलून द्यायच्या. दुकानामागं ओढा. तो उजनीच्या पाण्याला मिळतो, नेमका जिथं मच्छीमारांच्या होड्या लागतात तिथं. दुकान आणि घाटाच्या मधे, ओढ्याच्या काठाला, अंजनाकाकूंचं घर. त्यांच्याकडं पूर्वी मेंढरं होती. मेंढरं गेली, माग राहिला. काकू घोंगडी विणायच्या, सूत रंगवायच्या आणि रंगाचं पाणी ओढ्यात सोडायच्या. काळं, तांबडं — लांबूनही दिसावं असं.

एका उन्हाळ्यात धरणाचं पाणी खूप मागं सरलं. घाटाजवळ नुसतं डबकं उरलं आणि एका सकाळी त्यात चिलापी मासळी उलटी होऊन तरंगायला लागली. मग ते रोजचंच झालं. व्यापारी घाटावरची मच्छी घेईनात. मच्छीमारांतले जाणते तुकातात्या माझ्याकडं आले, कारण आसपास रसायनशास्त्र शिकलेला मीच.

"दत्ताभाऊ, हे इख कुठनं येतंय, तेवढं हुडकून द्या," म्हणाले.

मला हुडकायचं काय होतं? — थांबा, येतो तिथंच येतो.

आम्ही घाटापासून ओढ्यानं वर चालायला लागलो. एक म्हणतोय पुण्याची गटारं, दुसरा म्हणतोय कारखान्याची मळी, तिसरा म्हणतोय शेतातली औषधं. कुणी कुणाचं ऐकेना. डोकं नुसतं भणाणलं. आणि मग काकूंच्या घरामागं तांबड्या पाण्याचा पाट दिसला. "सापडलं!" कुणीतरी ओरडलं, आणि सगळे तिथंच थांबले. सगळे! ओढा तर पुढं वर जात होता. थोडं पुढं माझ्या दुकानाची मागची भिंत होती आणि त्या भिंतीतून एक पाईप बाहेर आलेला होता. चार पावलं पुढं टाकायला यांचं काय जात होतं? मला आजही त्या लोकांचा राग येतो. बघा — राग येतो तोही त्यांचाच.

काकू बाहेर आल्या. कोपरापर्यंत हात रंगलेले. मला वाटलं, आता भांडतील, शिव्या घालतील. त्या भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. पण त्यांनी सगळ्यांना सोडून माझ्याकडं पाहिलं.

"दत्ता, तू शिकल्याला हायस. तूच सांग बाबा, माझ्या रंगानं मेलं का रं मासं?"

"व्हय काकू," मी म्हणालो.

मासे रंगानं मेले नव्हते. जुनी बॅटरी उघडली की तिच्यातलं तेजाब आणि शिशाचा गाळ मी त्या पाईपातून ओढ्यात सोडत होतो. तेजाब पाण्यासारखंच दिसतं, त्याला रंग नसतो. पहिली मेलेली चिलापी पाहिली त्याच सकाळी मला कळलं होतं. तात्या यायच्या आधीच. म्हणजे मी चुकलो नाही — मी खोटं बोललो.

काकूंनी तिथंच तुकातात्यांपुढं हात जोडले. रंगाची भांडी मोडीत घातली. पुढं मागही विकला, आणि हायवेवरच्या एका खानावळीत मागं बसून मासे साफ करायला लागल्या.

आणि मी? मी गुपचूप पाईप बुजवला. सिमेंटची टाकी बांधली, तेजाबावर चुना टाकायला लागलो. नंतर बॅटऱ्या उघडणंच बंद केलं, जुन्या बॅटऱ्या आहे तशा कंपनीकडं परत पाठवायला लागलो. चांगलं केलं, म्हणाल. पण झालं काय ते ऐका. मासे मरायचे थांबले. आणि सगळे म्हणाले — बघा, काकूंचा रंग थांबला, मासे जगले! माझ्या टाकीनं काकूंवरचा आळ पक्का केला. खुद्द काकू येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या, "माझ्या हातनं पाप झालं. दत्तानं येळंला सांगितलं म्हणून बरं." ओढ्याच्या गाळात ते शिसं अजून असेल. ते तपासा, असं मी कुणाला म्हणालो नाही. म्हणणार कसा?

एवढंच असतं, तर भीती होती म्हणालो असतो. पण गेल्या हिवाळ्यात काकू दुकानात आल्या. नातीचं लग्न ठरलं होतं. जळोचीत भाचीकडं माग आहे, तिथं नातीसाठी एकच घोंगडं विणायचं त्यांच्या मनात होतं.

"सूत तेवढं घरी रंगवीन म्हंते. पाणी ओढ्यात न्हाय सोडायची. लांब माळावर न्हिऊन वतीन. चालंल का रं?"

दुकानात दुसरं कुणी नव्हतं. सांगायला याहून चांगली वेळ कुठली? पण माझ्या डोक्यात काय आलं माहितीय? — यांनी रंगवलं, थोडं पाणी ओढ्यात उतरलं आणि तरी काहीच मेलं नाही, तर? कुणी विचार करायला लागलं, तर?

"नको काकू," मी म्हणालो. "जमिनीतनं झिरपतं ते."

"बरं झालं इचारलं," काकू म्हणाल्या आणि गेल्या.

नातीला त्यांनी बाजारातलं पांघरूण दिलं. लग्नाला मी होतो. काकू पंगतीत स्वतः माझ्या पानापाशी आल्या, आग्रह करून वाढलं, आणि मी जेवलो.