कन्याभोजनातलं माझ्या लेकीचं ताट

नेरच्या जाऊबाईंकडच्या कन्याभोजनाहून आत्ताच घरी आले. डोकं अजून तापलेलंच आहे.

माझ्या नऊ वर्षांच्या ईश्वरीला डायबेटिस आहे. जाऊबाईंनी सगळ्या पोरींचे पाय धुतले, कुंकू लावलं. मग बाकीच्यांना पुरणपोळी अन् ईश्वरीच्या ताटात नुसती काकडी!

"तिले गोड चालत नाही ना वं!"

"चालते. मोजून चालते," मी म्हटलं. तिथंच शुगर तपासली, इन्सुलिन दिलं, जरा थांबून एक पोळी वाढली.

जाऊबाई पुटपुटल्या, "सुई कायले सगळ्यांसमोर?"

ईश्वरीच बोलली, "मोठीआई, पोळी बी सगळ्यांसमोरच खायची हाये ना!"

पाय धुताना देवी असलेली पोर ताट वाढताना बिमार कशी होते? सांगा बरं मले.